घरचे डोळे

मार्केट यार्डाच्या कोपऱ्यावर, विजेच्या खांबाला तारेने आवळलेल्या फ्लेक्सवरून, कोणी एक रावसाहेब सत्यशीलाकडे तिच्या वडिलांच्या डोळ्यांनी बघत होते. रविवारची भाजी घेऊन ती घरी निघाली होती. रस्ता ओलांडायला मान वर केली आणि पाय तिथेच थबकले. मागून टेम्पोवाला ओरडला, "ओ मावशी, रस्ता काय घरचा आहे का?" पुण्यात रस्त्यात उभ्या राहिलेल्या माणसाला याहून जास्त सहानुभूती मिळत नाही. ती बाजूला झाली, कांद्याच्या रिकाम्या पोत्यांच्या ढिगाला टेकली आणि परत वर बघितलं. चेहरा अडत्याचा होता, खाऊनपिऊन सुखी, गालांवर छापणाऱ्याने सढळ हाताने ओतलेला गुलाबी रंग, अंगात निळा कोट. खाली भावपूर्ण श्रद्धांजली, आणि त्याखाली शोकाकुल मंडळींचे गॉगल लावलेले हसरे फोटो. डोळे मात्र बाबांचे होते. डावी पापणी बाहेरच्या कडेला जराशी उतरलेली, खाली तीच बारीक सुरकुती, आणि तीच नजर, कोणीतरी दारातून आत येतंय आणि आपण त्याचीच वाट बघत बसलो होतो अशी. सत्यशीलाचे बाबा पुलगावच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. ती शाळेत असतानाच ते गेले होते आणि पुण्याला त्यांचं येणं कधी झालंच नव्हतं.

घराच्या जिन्यापर्यंत तिने स्वतःची समजूत घातली. फ्लेक्स ताणला जातो, चेहरे फाकतात, उन्हात काहीही दिसतं. शिवाय तिचा धंदाच असा, की तिला जिथे तिथे डोळेच दिसायचे. बसमध्ये समोर बसलेल्या माणसाच्या पापण्या ती इतक्या निरखून बघायची, की तो बिचारा उगाच रुमालाने तोंड पुसायचा. मेलेल्या माणसांचे डोळे उघडणं हे सत्यशीलाचं काम होतं. आयुष्यभर ज्यांना कोणी स्टुडिओत नेलं नाही त्यांचा पहिला फोटो बरेचदा ते गेल्यावरच निघतो, जमिनीवर निजवलेले असताना, नाकात कापूस घालून. मग तेरावं जवळ आलं की भिंतीवर लावायला फोटो हवा असतो, आणि भिंतीवरच्या माणसाने घराकडे बघायला हवं असतं. तो निजलेला चेहरा सत्यशीला कॉम्प्युटरवर उभा करायची, कापूस काढायची, वाढलेली दाढी उतरवायची, टोपी आणि कोट चढवायची, आणि सगळ्यात शेवटी डोळे. टोपी-कोट कुणाचाही चालतो. डोळ्यांचं तसं नाही, हे तिला शमशुद्दीनचाचांनी शिकवलं होतं. चाचांचा भवानी पेठेत स्टुडिओ होता. स्वतःच्या घरात ते कधी कुणाचा फोटो लावत नसत, पण दुसऱ्याच्या भिंतीबद्दल फार कडक होते. "बेटी, कोट दुकान का चलेगा. आँख घर की होनी चाहिए," ते म्हणायचे. म्हणून ज्याचा फोटो करायचा त्याच्या मुलाला किंवा भावाला बोलवायचं, खिडकीपाशी स्टुलावर बसवायचं, आणि कॅमेरा डोळ्याला लावून सहज विचारायचं, वडील घरी आले की दार उघडायला कोण जायचं हो? उत्तर द्यायला तो मान वर करायचा, तेवढ्यात बटण दाबायचं. ते तरुण डोळे घ्यायचे आणि त्यांना हळूहळू म्हातारं करायचं. एका घरचे डोळे दुसऱ्या घरी द्यायचे नाहीत. स्टुलावरून उठताना एखादा जण चाचरत विचारायचा, "हे आमच्याच फोटोला वापरणार ना?" आणि ती हो म्हणायची, आणि ते हो तिने आजवर पाळलं होतं.

दार उघडून ती आत आली तर कॉम्प्युटरवर ती सीडी तशीच होती. आठवडाभर तिथेच होती. सुदर्शन, तिचा धाकटा भाऊ, खराडीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर करायचा आणि दर रविवारी दुपारी जेवायला यायचा. गेल्या रविवारी त्याने ती आणून दिली होती. फोटोशॉपलाच वरून जोडायचं, म्हणाला, बंद डोळे आपोआप उघडतं, नाव 'दृष्टी', बीटा आहे. बीटा म्हणजे काय, तिने विचारलं. "म्हणजे अजून कच्चं आहे. तुमच्यासारख्यांनी वापरायचं, कुठे अडतंय ते सांगायचं, मग आम्ही पक्कं करणार." "म्हणजे तुमचं जेवण बिघडलंय का ते आम्ही खाऊन सांगायचं," ती म्हणाली, आणि तो खळखळून हसला. मग म्हणाला, "ताई, तुझ्याइतकं बारीक दुसरं कोण बघणार?" ते वाक्य तिने आठवडाभर पदराला गाठ मारून ठेवल्यासारखं जपलं होतं. सीडी मात्र घातली नव्हती. आज करू, उद्या करू, हातातलं काम संपू दे. खरं म्हणजे तिला भीती वाटत होती, आणि ती भीती साधी होती. यंत्राने चांगलं केलं तर आपल्याला कोण विचारणार? तालिबभाई, चाचांचा मुलगा, आता स्टुडिओ बघायचा आणि त्याचाही धोशा सुरू होता की ताई, काहीतरी जलद करा, लोक तेराव्यापर्यंत थांबत नाहीत, सकाळी माणूस गेला की दुपारी फ्लेक्स लागतो. पोटावर पाय येईल ही भीती तिच्या ओळखीची होती, तिच्यासोबत राहायची तिला सवय होती. आता फ्लेक्स बघून आल्यावर त्याच सीडीकडे बघताना जे वाटत होतं त्याला तिच्याकडे नाव नव्हतं.

कारण तिला दिवाळी आठवली होती. पाडव्याला सुदर्शन आला, जेवला, आणि जाताना खिशातून पेन ड्राइव्ह काढून कॉम्प्युटरपाशी बसला. तिच्या कॉम्प्युटरमध्ये 'डोळे' नावाचं एक फोल्डर होतं. इतक्या वर्षांत स्टुलावर बसलेल्या सगळ्यांचे डोळे त्यात होते, मूळचे आणि म्हातारे केलेले, कोणते कुणाचे ते नावानिशी. "एवढं काम कुणी एकाच ठिकाणी ठेवतं का? तुझं हे मशीन कधीही मान टाकेल. मी बॅकअप घेऊन ठेवतो," तो म्हणाला, आणि तिचं मन भरून आलं होतं. आजवर आपण ह्याची काळजी घेतली, ह्याला खाऊ घातलं, शिकवलं, ह्याच्यापायी आपलं लग्नाचं राहून गेलं ते राहूनच गेलं, आणि आता हा आपली काळजी घेतो. तिने डबा भरून चकल्या दिल्या होत्या. नको म्हणत होता तरी अनारसे वर घातले होते. त्या अनारशांची आता तिला लाज वाटायला लागली. पण तेव्हा तो खरं बोलत नसेल कशावरून? बॅकअप म्हणूनच नेलं असेल, आणि तिथे कपाटात पडलं असेल. माणसासारखी माणसं असतात, डोळ्यांसारखे डोळे असतात. ती खुर्चीवर बसली आणि भिंतीकडे न बघता बराच वेळ बसून राहिली, कारण भिंतीवर बाबा होते.

भिंतीवरच्या त्या फोटोत टोपी आणि कोट तिने दिलेला होता, आणि डोळे सुदर्शनचे होते. बाबांचा एकच फोटो निघाला होता, गेल्यावर, जिनिंगच्या मालकाच्या पुतण्याकडे कॅमेरा होता म्हणून. उघडं डोकं, खुरटी दाढी, मिटलेले डोळे. आईने, गोदाबाईने, तो एका खणात गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी ठेवला. सुदर्शन तेव्हा इतका लहान होता की त्याला बाबा आठवायचेच नाहीत, आणि हा असला फोटो दाखवून पोराच्या मनात बाप कशाला बसवायचा, असं आईचं म्हणणं. पुढे मामाच्या ओळखीने तिघं पुण्याला आली, सत्यशीला चाचांकडे ब्रशने फोटोंवरचे ठिपके भरायला लागली. मग कॉम्प्युटर आला, तो ती शिकली, आणि तिने स्वतःहून केलेलं पहिलं काम बाबांचं. आई तेव्हा शेवटच्या आजारात होती. सुदर्शन इंजिनिअरिंगला होता. त्याला स्टुलावर बसवून तिने विचारलं, बाबा घरी आले की दार कोण उघडायचं? तो म्हणाला, "मला कुठे काय आठवतंय, ताई? मी काय आठवू?" मग ती म्हणाली, बरं, मी कामावरून आलेय असं समज. त्याने मान वर केली. कामावरून परतताना ती रोज काही ना काही आणायची, चिक्की, पेन, कधी नुसतीच संत्री, आणि तो पुस्तकातून मान वर करून बघायचा, तसंच त्याने बघितलं. ते डोळे तिने म्हातारे केले. डावी पापणी उतरवली ती मात्र निव्वळ तिच्या आठवणीतून. बाबांच्या डोळ्यात एकदा सरकीचं टरफल गेलं होतं आणि तेव्हापासून ती पापणी पुरती वर यायची नाही. हे आईला माहीत होतं आणि तिला. फोटो बघून आईने पदर डोक्यावरून घेतला फक्त, नवरा घरात आल्यासारखा. सुदर्शन पुढे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "असे होते होय बाबा?" त्या दिवशी त्याला बाप मिळाला होता, आणि तो तिने दिला होता. तिच्या आयुष्यात एवढं एकच काम असं होतं की ज्याच्याबद्दल तिला कुणी चांगलं म्हणायची गरज वाटली नव्हती.

फोन वाजला. तालिबभाई होते. "ताई, तुमच्या भागातल्या रावसाहेबांचा फ्लेक्स बघितला का?" तिने विचारलं, काय झालं? "लोक म्हणतायत, काय जिवंत फोटो आहे. यार्डातल्या फ्लेक्सवाल्याने केलाय, चहा पिऊन होईपर्यंत. ते बीटा का काय म्हणतात ते टाकलंय म्हणे त्याने. सुदर्शनच्याच कंपनीचं आहे ना? तुमच्या घरात गंगा आणि आम्ही इथे नळाला रांगेत. बघा जरा लावून." बघते, ती म्हणाली. "ताई, आवाजाला काय झालं?" काही नाही, भाजीचं ओझं होतं. फोन ठेवल्यावर तिला वाटलं, झालं, आता काही उरलं नाही. पण उरलं होतं. माणूस फार चिवटपणे स्वतःला फसवू शकतो. फ्लेक्सवाल्याने 'दृष्टी' वापरलं, म्हणून त्यात बाबाच असतील असं कुठे आहे? सीडी आत घातली नाही तर हे असंच अर्धवट राहील, आणि अर्धवट राहिलं तर त्यासोबत जगता येईल. दुपारी सुदर्शन येईल, भरली वांगी खाईल, विचारेल, लावलंस का, आणि ती म्हणेल, नाही रे, वेळच झाला नाही. मग पुढचा रविवार, मग त्याच्या पुढचा. त्या चौकातून जायचं बंद करायचं, पलीकडच्या गल्लीने भाजी आणायची. बायका असल्या किती गल्ल्या टाळत आयुष्य काढतात. तिने उठून वांगी चिरून पाण्यात टाकली, कूट केलं, कणीक भिजवली. कणीक मळता मळता तिच्या लक्षात आलं, की आपण ती नेहमीपेक्षा जास्त घेतली आहे, भावाला पोळ्या बांधून द्यायच्या म्हणून. हात आपले आपण चालत होते, त्यांना अजून काही कळलं नव्हतं. तेव्हा तिला स्वतःचाच संताप आला. तिने कणकेचे हात तसेच धुतले न धुतले केले आणि जाऊन सीडी घातली.

यंत्राने आधी इंग्रजीत पानभर बजावलं, की हे कच्चं आहे, बिघडलं तर आम्ही जबाबदार नाही, मान्य आहे का? मान्य आहे, तिने दाबलं. कोणता फोटो द्यायचा हा प्रश्न तिला पडलाच नाही. तिने बाबांचा मूळ फोटो उघडला, ट्रंकेतला, जसा होता तसा, उघड्या डोक्याचा, खुरट्या दाढीचा. चेहराच तेवढा राहील असा कापला. तुझ्याकडे त्यांचे डोळे आहेत ना, तिने मनात म्हटलं, मग दे बघू त्यांचे त्यांना. यंत्राने चेहरा मोजला, रंग बघितला, एक निळी पट्टी डावीकडून उजवीकडे भरत गेली, आणि बाबांनी डोळे उघडले. ते डोळे त्यांचे नव्हते. ते कुणाचे हे सत्यशीलाला लगेच कळलं. धनकवडीचे दत्तोबा, एसटीचे ड्रायव्हर, त्यांच्या मुलाचे. स्टुलावर बसून तो पोरगा म्हणाला होता, दार कशाला उघडावं लागतंय, वडील कोपऱ्यावरूनच हाक मारायचे आणि आम्ही सगळे पळत सुटायचो. त्या हाकेच्या आठवणीने वर झालेले डोळे आता बाबांच्या तोंडावर होते. काम सुबक होतं. पापण्यांच्या कडा स्वच्छ, सावली जागच्या जागी. आणि बाबा तिच्याकडे बघत होते पण ओळख दाखवत नव्हते. आजवर कितीतरी घरांत लोक तिला म्हणाले होते की ताई, माणूस परत आणलात हो. माणूस नेला असं कुणी कधी म्हणालं नव्हतं. तिला रडू आलं नाही. चित्र तसंच पडद्यावर ठेवून ती उठली आणि वांगी भरून गॅसवर चढवली.

सुदर्शन आला तोच घामाघूम, हेल्मेट टेबलावर आदळून, वांग्यांचा वास आलाय म्हणत. तिने पाणी दिलं. तो प्यायला. मग तिने विचारलं, "दिवाळीत बॅकअप म्हणून नेलंस, त्याचं काय केलंस?"

त्याने पेला खाली ठेवला. खोटं बोलला नाही, एवढं त्याच्या बाजूने म्हणायला हवं. "आधी खरंच बॅकअपच होतं, ताई. मग टीममध्ये सॅम्पल कमी पडायला लागले. इंटरनेटवरचे सगळे गोऱ्या लोकांचे डोळे, आपल्या चेहऱ्यांवर बसेनात. मॅनेजर मागे लागला होता. अगं, नुसते डोळे आहेत. नाव नाही, गाव नाही. कुणाला कळणार आहे?"

"मला कळलं. चौकात, टेम्पोसमोर उभी असताना. आणि जे स्टुलावर बसले त्यांना मी शब्द दिला होता, सुदर्शन."

"त्यांना कशाला सांगायचं?"

"आणि बाबांचे?"

त्याने पेला जरा पुढे सरकवला. मग शांतपणे, अगदी समजूत काढावी तसं म्हणाला, "ताई, ते डोळे माझेच होते ना? फोटो माझाच काढला होतास तू. मी माझेच दिले."

वांगी गॅसवर रटरटत होती आणि ती उभी होती. खरंच, कुणाचे होते ते? बुबुळं त्याची, सुरकुत्या तिच्या, पापणी बाबांची, आणि नजर, नजर तर तिच्याचसाठी होती. तो तिच्याकडे बघत होता तेव्हा, ती चिक्की घेऊन आली होती तेव्हा. ते त्याने दिलं. रावसाहेबांना दिलं, उद्या आणखी कुणाला देईल. रागाने तिच्या तोंडी पुलगाव आलं, जे एरवी कधी येत नसे. "काहून विचारलं नाहीस मला?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणजे तुला माहीत होतं."

तो खिडकीकडे वळला, मग दुसरीकडे कुठे बघावं म्हणून त्याने कॉम्प्युटरकडे बघितलं, आणि त्याचा चेहरा एकदम उजळला. "अरे, तू लावलंस की!" तो खुर्ची ओढून बसला. चित्र मोठं केलं, पापणीची कड बघितली, बुबुळातला उजेड बघितला. त्याच्या डोक्याच्या बरोबर वर, टोपी-कोट घातलेले बाबा त्याच्याच डोळ्यांनी दाराकडे बघत होते. सत्यशीला वाट बघत राहिली. आता बोलेल, आता मान वर करेल.

"बघ ना, ताई," तो म्हणाला, "किती नॅचरल आलेत. एकाच क्लिकमध्ये आले का? हे काका कोण, तालिबभाईंचं गिऱ्हाईक का?"

समोर त्याची पाठ होती. शर्ट तिनेच घेतलेला होता. सांगावं असं तिच्या ओठावर आलं, दोनच अक्षरं होती. पण ती सांगितली तर तो चुकचुकेल, सॉरी म्हणेल, कदाचित रडेलही, आणि मग तिला त्याची समजूत काढत बसावं लागेल, नेहमीसारखी. ज्याला हे सांगावं लागतं त्याला सांगून काय करायचं? ट्रंकेतला तो माणूस आता तिच्या एकटीचा होता. "हो," ती म्हणाली, "गिऱ्हाईक."

"उद्या मला रिपोर्ट द्यायचाय. टेस्टर काय म्हणतात ते त्यांच्याच शब्दांत हवं असतं. तूच सांग, काय लिहू?" त्याने मोबाइल काढला आणि अंगठे वर धरून थांबला.

सत्यशीलाने गॅस बारीक केला. "लिही," ती म्हणाली, "की घरच्या माणसालासुद्धा ओळखता आलं नाही."

"मस्त आहे हे," सुदर्शन खूश होऊन म्हणाला, आणि जसंच्या तसं लिहून घेतलं. मग तो हात धुवायला उठला, आणि तिने त्याचं ताट वाढलं.